अमेरिकेत जन्मलेलं मूल अमेरिकन का ठरतं? जॉन बिंगहॅम आणि चौदावी घटनादुरुस्ती

२० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी एका आदेशावर सही केली. अमेरिकेत जन्मलेल्या काही मुलांना यापुढे जन्माने नागरिकत्व मिळणार नाही, असं तो आदेश म्हणतो. कुठल्या मुलांना? आई बेकायदा राहत असेल किंवा कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर असेल, आणि वडील नागरिकही नसतील, ग्रीन कार्डधारकही (कायम वास्तव्याचा परवाना असलेले) नसतील, अशा मुलांना. म्हणजे नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको जोडीदारासाठीच्या एच-४वर आणि ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकलेलं न्यू जर्सीतलं मराठी जोडपंही त्यात येतं. खालच्या न्यायालयांनी आदेश अडवला. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनेत बसतो का, हे तपासायचं मान्य केलं.

या बातम्या वाचताना अनेकांना एक प्रश्न पडतो. राष्ट्राध्यक्ष इतका ताकदवान, काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, त्याच्याच पक्षाचं बहुमत. मग नागरिकत्वाचा नियम बदलायला अडचण कसली? अडचण आहे ती १८६६ साली लिहिल्या गेलेल्या, चौदाव्या घटनादुरुस्तीतल्या काही ओळींची. त्या समजून घ्यायच्या तर ओहायो राज्यातल्या कॅडिझ नावाच्या छोट्या गावातल्या एका वकिलाला भेटावं लागतं. जॉन आर्मर बिंगहॅम हे त्यांचं नाव. लिंकन सगळ्यांना ठाऊक असतात, बिंगहॅम मात्र अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनाही सहसा माहीत नसतात. मला ही फार मोठी चूक वाटते.

आधी पाया: हक्क कोणाविरुद्ध?

अमेरिकेच्या घटनेला १७९१ मध्ये पहिल्या दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या. भाषणस्वातंत्र्य, धर्मस्वातंत्र्य, खटल्याशिवाय शिक्षा नाही, भरपाई दिल्याशिवाय मालमत्ता घेता येणार नाही, असे हक्क त्यांत आहेत. त्यांना एकत्रितपणे हक्कांची सनद म्हणतात. पण ही सनद बांधत होती फक्त केंद्र सरकारला. राज्य सरकारांना नाही.

मोठ्या गृहसंकुलात बारा इमारती असतात, प्रत्येक इमारतीची वेगळी सोसायटी असते आणि सगळ्यांची मिळून एक फेडरेशन असते. फेडरेशनने नियम केला की कुठल्याही रहिवाशाचं पाणी तोडायचं नाही. पण तो नियम फेडरेशनपुरताच. तुमच्या इमारतीच्या कमिटीने पाणी तोडलं तर फेडरेशन म्हणणार, तो तुमचा अंतर्गत मामला. १८६६ पूर्वीची अमेरिका साधारण अशी होती.

यावर न्यायालयाचं शिक्कामोर्तब झालं ते १८३३ मध्ये. बाल्टिमोरमध्ये जॉन बॅरन यांचा जहाजं लागण्याचा किफायतशीर धक्का होता. शहराने रस्त्यांची कामं करताना ओढे वळवले, वाळू वाहत येऊन धक्क्याजवळ साचली, पाणी उथळ झालं आणि जहाजं यायची थांबली. बॅरन यांनी भरपाई मागितली. सरन्यायाधीश जॉन मार्शल म्हणाले, सनद केंद्रासाठी आहे, शहर आणि राज्य तिच्या कक्षेत येत नाहीत. जाता जाता त्यांनी असंही सांगितलं की घटनाकारांना राज्यांवर बंधन घालायचं असतं तेव्हा ते तसं स्पष्ट लिहितात. घटनेतच दुसऱ्या ठिकाणी ‘कोणतेही राज्य अमुक करणार नाही’ अशी वाक्यं आहेत. मार्शल यांची ही टिप्पणी लक्षात ठेवा, तेहतीस वर्षांनी ती कामाला येणार आहे.

याचा सर्वांत क्रूर परिणाम अर्थातच गुलामगिरीत दिसत होता. दक्षिणेकडच्या राज्यांनी गुलामगिरीविरुद्ध बोलणं, लिहिणं, पत्रकं वाटणं हाच गुन्हा ठरवला होता, आणि भाषणस्वातंत्र्याची सनद तिथे मुकाट होती. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी लिहिलं की आफ्रिकी वंशाची माणसं, मग ती गुलाम असोत की स्वतंत्र, या घटनेनुसार अमेरिकेची नागरिक होऊच शकत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत जन्मलेल्या माणसांबद्दल हे लिहिलं होतं.

कॅडिझचे वकील

बिंगहॅम यांचा जन्म २१ जानेवारी १८१५ चा, पेनसिल्व्हेनियातल्या मर्सर गावचा. आई लहानपणीच गेली. वडिलांनी दुसरं लग्न केल्यावर मुलगा कॅडिझला व्यापारी काकांकडे राहिला. काही काळ त्यांनी छापखान्यात उमेदवारी केली. मग ओहायोतल्या न्यू ॲथेन्सच्या फ्रँकलिन कॉलेजात शिकले. हे कॉलेज गुलामगिरीविरोधाचं ठाणं होतं. तिथे त्यांच्यासोबत टायटस बॅसफिल्ड नावाचा विद्यार्थी होता, जो आधी गुलाम होता आणि पुढे धर्मोपदेशक झाला. दोघांची मैत्री कॉलेज सुटल्यावरही टिकली. बिंगहॅम यांच्या पुढच्या भाषणांत ‘जन्माने सारे समान’ हे पुन्हा पुन्हा येतं. त्याचं मूळ मला पुस्तकांपेक्षा या मैत्रीत जास्त दिसतं.

१८४० मध्ये त्यांना वकिलीची सनद मिळाली. काही वर्षं ते शेजारच्या टस्करावस जिल्ह्याचे सरकारी वकील होते. १८५४ मध्ये प्रतिनिधीगृहावर, म्हणजे तिथल्या लोकसभेवर, निवडून आले आणि नव्याने उभ्या राहणाऱ्या रिपब्लिकन पक्षात गेले. १८५९ मध्ये ओरेगॉनला राज्याचा दर्जा देण्याचा प्रश्न आला. ओरेगॉनच्या घटनेत गुलामगिरीला बंदी होती, पण स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही राज्यात येऊन राहण्याची मनाई होती. बिंगहॅम यांनी तेवढ्यासाठी विरोधात भाषण केलं. नागरिकाला देशातल्या एखाद्या राज्यात पाऊल ठेवायला बंदी करणारी घटना आपण मंजूर कशी करायची, असा त्यांचा मुद्दा होता. आज हे साधं वाटेल. त्या काळी हे बोलायला छाती लागत होती.

१८६२ ची निवडणूक ते हरले, १८६४ ची जिंकले. १८६५ मध्ये लिंकन यांची हत्या झाली तेव्हा आरोपींवर चाललेल्या लष्करी खटल्यात सरकारी बाजूच्या तीन वकिलांपैकी ते एक होते. त्या खटल्याकडे पुढे परत येऊ.

साधा कायदा करून भागलं नसतं का?

गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांत पेटलेलं यादवी युद्ध संपलं. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी गेली. पण दक्षिणेतल्या राज्यांनी लगेच नवे कायदे केले, ज्यांना ‘ब्लॅक कोड’ म्हणत. मिसिसिपीत मुक्त झालेल्या माणसाकडे कामाचा लेखी करार नसला तर त्याला भटक्या ठरवून दंड करायचा, दंड भरता आला नाही तर त्याला मजुरीवर द्यायचं. साखळी काढली, पण माणूस तिथल्या तिथेच.

काँग्रेसने १८६६ मध्ये नागरी हक्क विधेयक आणलं. करार करणं, मालमत्ता घेणं, कोर्टात साक्ष देणं यांत रंगावरून भेद नको, असं त्याचं सार होतं. बिंगहॅम यांना यातलं सगळं मान्य होतं. तरीही मार्चमध्ये त्यांनी विधेयकाला विरोध केला. स्वतःच्या पक्षाविरुद्ध, स्वतःच्या आयुष्यभराच्या भूमिकेच्या बाजूच्या विधेयकाला!

कारण असं: राज्यांना हे सांगण्याचा अधिकारच घटनेने काँग्रेसला दिलेला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. अधिकार नसताना केलेला कायदा न्यायालय उद्या रद्द करेल. न्यायालयाने नाही केला, तर पुढचं बहुमत करेल. आज आपल्या हातात आकडे आहेत म्हणून जो हक्क दिला तो उद्या दुसऱ्यांच्या हातात आकडे आले की जाणार. त्यामुळे हक्क कायद्यात नको, घटनेतच लिहू.

या ‘नाही’ मतावर मी मुद्दाम थांबलो आहे. राष्ट्राध्यक्षाच्या सहीने किंवा काँग्रेसच्या साध्या बहुमताने हा नियम बदलता येत नाही, याचं मूळ इथे आहे. अमेरिकेत घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि त्यानंतर तीन चतुर्थांश राज्यांची मान्यता लागते. बिंगहॅम यांना हीच अवघड चढण हवी होती.

मग त्यांनी लिहिलं काय?

दुरुस्तीचा मसुदा करणाऱ्या, दोन्ही सभागृहांच्या पंधरा सदस्यांच्या संयुक्त समितीत ते होते. फेब्रुवारीत त्यांनी आणलेला पहिला मसुदा फक्त काँग्रेसला अधिकार देणारा होता. तो बाजूला पडला. बिंगहॅम यांनीच १८७१ च्या भाषणात सांगितलं की नव्याने लिहिताना त्यांनी बॅरन खटल्याचा निकाल पुन्हा वाचला. मार्शल म्हणाले होते ना, बंधन घालायचं तर स्पष्ट लिहा? तर वाक्याची सुरुवातच त्यांनी ‘कोणतेही राज्य’ अशी केली.

कोणतेही राज्य अमेरिकेच्या नागरिकांचे विशेषाधिकार कमी करणारा कायदा करणार नाही. कोणतेही राज्य कोणाही व्यक्तीचं जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता योग्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय हिरावून घेणार नाही. आणि आपल्या अधिकारक्षेत्रातल्या कोणाही व्यक्तीला कायद्याचं समान संरक्षण नाकारणार नाही. पहिल्या कलमाचा आशय हा असा आहे. आता फेडरेशनचा नियम प्रत्येक इमारतीच्या कमिटीला लागू झाला.

यात एक गोष्ट सहज निसटते. पहिलं वाक्य नागरिकांबद्दल आहे, पुढची दोन ‘कोणाही व्यक्ती’बद्दल. ही निवड जाणूनबुजून केलेली आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला परवाना लागायचा. तिथल्या अधिकाऱ्यांनी सुमारे दोनशे चिनी अर्जदारांना परवाना नाकारला आणि इतरांना जवळपास सरसकट दिला. १८८६ मध्ये यिक वो खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हे लोक नागरिक नसले तरी व्यक्ती आहेत, समान संरक्षण त्यांनाही आहे. १९८२ मध्ये याच आधारावर टेक्सासला बजावलं गेलं की कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेतून बाहेर ठेवता येणार नाही. आज व्हिसावर राहणाऱ्या कुठल्याही भारतीयाला तिथल्या पोलिसांसमोर आणि कोर्टासमोर जे संरक्षण आहे, त्याचा बराचसा भाग या शब्दाच्या भरवशावर आहे.

जन्माने नागरिकत्वाचं वाक्यही त्यांचंच का?

नाही. प्रतिनिधीगृहाने १० मे १८६६ रोजी मंजूर केलेल्या मसुद्यात ते नव्हतंच. ३० मे रोजी सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, मिशिगनचे जेकब हॉवर्ड यांनी ते सुचवलं: अमेरिकेत जन्मलेल्या आणि ‘अमेरिकेच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन’ असलेल्या सर्व व्यक्ती अमेरिकेच्या नागरिक आहेत. ड्रेड स्कॉट निकाल एका वाक्यात पुसला गेला.

ट्रम्प यांच्या आदेशाचं सगळं ओझं ‘अधिकारक्षेत्राच्या अधीन’ या शब्दांवर आहे. सरकारचं म्हणणं, अधीन म्हणजे या देशाशी पूर्ण निष्ठा असलेले, इथे कायमचे वसलेले. तात्पुरता आलेला माणूस तसा नसतो. विरोधकांचं म्हणणं, अधीन म्हणजे ज्याला इथला कायदा लागू होतो तो. व्हिसावरचा माणूस गुन्हा केला तर इथेच तुरुंगात जातो, करही इथेच भरतो. परक्या देशाच्या राजदूताला मात्र इथल्या कोर्टात खेचता येत नाही, म्हणून त्याचं मूल अपवाद.

१८६६ च्या चर्चेत हा प्रश्न आलाच नव्हता असं नाही. पेनसिल्व्हेनियाचे एडगर काउअन यांनी सिनेटमध्ये थेट विचारलं की कॅलिफोर्नियातल्या चिनी लोकांची मुलंही नागरिक होणार का? कॅलिफोर्नियाचेच जॉन कॉनेस, जे स्वतः आयर्लंडमध्ये जन्मले होते, उत्तरले की हो, होणार, आणि मला ते मान्य आहे. नंतर मतदान झालं आणि वाक्य राहिलं.

‘पण बिंगहॅम तर वेगळंच बोलले होते’

हा आक्षेप आदेशाचे समर्थक घेतात आणि तो पोकळ नाही. मार्च १८६६ च्या भाषणात बिंगहॅम म्हणाले होते की परक्या सत्तेशी निष्ठेने बांधलेले नसलेल्या आई-वडिलांच्या पोटी अमेरिकेच्या अधिकारक्षेत्रात जन्मलेला प्रत्येक माणूस जन्माने नागरिक आहे. म्हणजे परकीयांची मुलं त्यांनी वगळली होती, असा त्याचा अर्थ लावता येतो.

मला हा आधार दोन कारणांनी कच्चा वाटतो. एक, हे वाक्य भाषणातलं आहे, घटनेतलं नाही, आणि नागरिकत्वाचं कलम दुसऱ्याच माणसाने दुसऱ्या शब्दांत लिहिलं. दोन, आई-वडिलांच्या निष्ठेची अट त्या कलमात घालता आली असती, ती घातलेली नाही. पण समोरच्या बाजूचा हा पुरावा दडवून ठेवणंही बरोबर नाही. बिंगहॅम यांच्या नावाने दोन्ही बाजूंना काही ना काही सापडतं.

मोठा निकाल लागला १८९८ मध्ये. वाँग किम आर्क सॅन फ्रान्सिस्कोत १८७३ च्या सुमारास चिनी आई-वडिलांच्या पोटी जन्मले. चीनमध्ये जाऊन १८९५ मध्ये परतले तर त्यांना बंदरातच अडवलं, तुम्ही नागरिक नाही म्हणून. आई-वडिलांना तर कायद्यानेच नागरिक होता येत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी वाँग यांच्या बाजूने निकाल दिला. सरकार आता म्हणतं की वाँग यांचे आई-वडील तिथे कायमचे राहत होते, म्हणून तो निकाल तात्पुरत्या व्हिसावाल्यांना लागू नाही. निकालात त्यांच्या कायम वास्तव्याचा उल्लेख आहे हे खरं. पण निकालाचा सगळा तर्क जन्मभूमीच्या जुन्या इंग्रजी नियमावर उभा आहे, आणि त्यात अपवाद मोजके: राजदूतांची मुलं, परक्या सरकारी जहाजांवर जन्मलेली, आक्रमक शत्रुसैन्याच्या ताब्यातल्या प्रदेशात जन्मलेली, आणि त्या काळी मूळ निवासी जमातींची. या जमातींतल्या सर्वांना नागरिकत्व मिळायला १९२४ साल उजाडावं लागलं.

‘ही दुरुस्ती दक्षिणेवर लादलेली नव्हती का?’

बऱ्याच अंशी होती. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांनी आधी ती फेटाळली. १८६७ च्या कायद्याने अट घातली की काँग्रेसमध्ये परत यायचं तर मान्यता द्या. उत्तरेतही सगळं सुरळीत नव्हतं. न्यू जर्सी आणि बिंगहॅम यांच्या ओहायोने आधी मान्यता दिली आणि १८६८ मध्ये ती मागे घेतली. दोघांनी ती औपचारिकपणे पुन्हा दिली थेट २००३ मध्ये! तरी जुलै १८६८ मध्ये दुरुस्ती लागू झाली. ज्यांना काल विकता येत होतं, त्या माणसांना नागरिक मानण्यासाठी राज्यांवर दडपण आणावं लागलं, याचं मला वाईट वाटत नाही.

माणूस म्हणून कसे होते?

निर्दोष नव्हते. लिंकन खटला त्यांनी साध्या नागरिकांविरुद्ध लष्करी न्यायासनासमोर चालवला आणि त्याचं समर्थन केलं. त्यात मेरी सरॅट या बाईंसह चौघांना फाशी झाली. योग्य कायदेशीर प्रक्रियेचा आग्रह धरणाऱ्या माणसाकडून हे झालं, हे मला आजही खुपतं. १८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरच्या महाभियोगात समारोपाचं लांबलचक भाषण त्यांचं होतं. जॉन्सन एका मताने वाचले. क्रेडिट मोबिलिए या रेल्वे घोटाळ्यात शेअर घेतलेल्या खासदारांत बिंगहॅम यांचंही नाव आलं.

स्त्रियांच्या बाबतीत तर त्यांनी स्वतःच्याच शब्दांना कुंपण घातलं. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या व्हिक्टोरिया वुडहल यांनी काँग्रेसपुढे अर्ज केला की चौदाव्या दुरुस्तीने आम्ही नागरिक, म्हणजे मतदारही आहोत. १८७१ मध्ये तो फेटाळणारा अहवाल बिंगहॅम यांच्या समितीचा होता.

१८७२ मध्ये त्यांना पक्षाने पुन्हा उमेदवारी दिली नाही. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यांना जपानमध्ये राजदूत म्हणून पाठवलं, तिथे ते १८८५ पर्यंत होते. पाश्चात्त्य देशांनी जपानवर लादलेले असमान करार बदलावेत, ही बाजू त्यांनी तिथे घेतली.

मग इतकी वर्षं ही दुरुस्ती काय करत होती?

बिंगहॅम यांच्या हयातीत तिचा जीवच काढून घेतला गेला. १८७३ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या खाटिकांच्या खटल्यात न्यायालयाने ‘विशेषाधिकार’ शब्दाला इतका अरुंद अर्थ दिला की राज्यांवरचं बंधन जवळपास सुटलं. १८९६ मध्ये प्लेसी खटल्यात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी रेल्वेचे वेगळे डबे ‘समान संरक्षणा’त बसतात असा निकाल आला. बिंगहॅम तेव्हा कॅडिझमध्ये होते, ऐंशी पार केलेले. १९ मार्च १९०० रोजी ते वारले.

नंतर न्यायालय हळूहळू परत फिरलं. १९२५ पासून भाषणस्वातंत्र्य राज्यांनाही बांधू लागलं. १९५४ मध्ये ब्राउन खटल्यात शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरला. १९६३ मध्ये क्लॅरेन्स गिडियन या फ्लोरिडातल्या कैद्यामुळे गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळू लागला. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी १९४७ च्या एका मतभिन्न निकालपत्रात बिंगहॅम यांना चौदाव्या दुरुस्तीच्या पहिल्या कलमाचे मॅडिसन म्हटलं. जेम्स मॅडिसन म्हणजे हक्कांच्या सनदेचे शिल्पकार.

‘भारत तरी कुठे देतो जन्माने नागरिकत्व?’

हा प्रश्न रास्त आहे. भारताने दिलं होतं: २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत इथे जन्मलेला, थोडे अपवाद सोडता, जन्मानेच भारतीय. त्यानंतर एक पालक भारतीय असण्याची अट आली. डिसेंबर २००४ मध्ये ती आणखी कडक झाली, दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित असता कामा नये. फरक असा की आपल्याकडे घटनेने हा विषय संसदेवर सोपवला आहे, म्हणून साध्या कायद्याने नियम बदलता आला. अमेरिकेत तो घटनेच्या मजकुरातच आहे.

पण बिंगहॅम यांचे दुसरे शब्द मात्र आपल्या घटनेत आहेत. अनुच्छेद १४ म्हणतो की राज्य कोणत्याही व्यक्तीस ‘कायद्यापुढे समानता अथवा कायद्याचे समान संरक्षण’ नाकारणार नाही. त्यातलं समान संरक्षण थेट चौदाव्या दुरुस्तीतून आलं आहे, आणि ते आपल्याकडेही नागरिकापुरतं नाही, व्यक्तीला आहे. ‘योग्य कायदेशीर प्रक्रिया’ मात्र वगळली गेली. घटना सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले होते. तिथल्या न्यायालयाने या शब्दांच्या आधारे कामगारांच्या हिताचे कायदे रद्द केले होते, आणि जमीन सुधारणा करू पाहणाऱ्या भारतात तसं व्हायला नको होतं. म्हणून अनुच्छेद २१ मध्ये ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ असे शब्द आले. पुढे १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ती कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे, आणि वगळलेल्या शब्दांचा बराच आशय आपल्याकडे मागच्या दाराने का होईना, आत आला.